नेत्रपेढीचं बिल कुणी भरायचं?

'डोळे फुकट मिळतात, मग पेशंटकडून पैसे कसले घेता?' २५ ऑगस्टला नेत्रदान पंधरवडा सुरू झाला की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न ठरल्यासारखा उगवतो. यंदा एका आतेभावानं त्यावर तोडगाही काढला: नेत्रपेढ्या सरळ कंपन्यांना द्या, अमेरिकेत तसंच चालतं.

मी राहते त्या अमेरिकेत तसं चालत नाही. इथल्या बहुतेक नेत्रपेढ्या ना-नफा आहेत. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, विकायला १९८४च्या कायद्यानं बंदी आहे. तो काढणं, तपासणं, साठवणं, पोचवणं यांचा वाजवी खर्च तेवढा घेता येतो. भारताचा १९९४चा कायदाही जवळपास हेच म्हणतो, पण तो वाचण्याचे कष्ट कोण घेणार! इथं एका कॉर्नियामागे काही हजार डॉलरचं बिल हॉस्पिटलला जातं, मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना नाहीतर खासगी विमा कंपनी ते भरते, आणि कुणी हूं की चूं करत नाही. आपल्याकडे त्याहून कितीतरी कमी रक्कम मागितली की लगेच 'बाजार मांडलाय'.

खर्च कशाचा, हे तरी बघा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत तंत्रज्ञ पोचायला हवा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. दात्याचं रक्त एचआयव्ही, कावीळ, गरमीसाठी तपासायचं. मायक्रोस्कोपखाली कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजायच्या. साठवणीच्या साध्या एमके द्रावणात कॉर्निया चार दिवस टिकतो, महागड्या द्रावणात दोन आठवड्यांपर्यंत. आणि जे कॉर्निया तपासणीत बाद होतात त्यांच्यावरही तेवढाच पैसा गेलेला असतो. दान फुकट असतं, पेढी फुकट चालत नाही.

नफ्याचा प्रयोग इथंही झालाय, नाही असं नाही. सिअ‍ॅटलच्या साइटलाइफ या ना-नफा संस्थेतून कॉर्नियाजेन ही नफा कमावणारी कंपनी निघाली, तेव्हा या क्षेत्रात बरीच खडाजंगी झाली. भांडवल आलं तर संशोधनाला वेग येतो, सर्जनला कॉर्नियाचा पातळ थर आयता तयार करून देता येतो, हे मला पटतं. पण नुकताच माणूस गेलेल्या घरी जो फोन करतो, त्याच्या पाठीशी भागधारक उभा असू नये.

शिवाय खरी अडचण पैशांची नाहीच. इथं १९९८पासून हॉस्पिटलला प्रत्येक मृत्यू अवयवदान संस्थेला कळवावाच लागतो, आणि सज्ञान माणसानं नोंदणी केली असेल तर त्याचा शब्द अखेरचा असतो. आपल्याकडे अर्ज भरलेला असला तरी घरच्यांनी मान हलवली नाही तर पेढी परत जाते. म्हणून त्या वेळी घरच्यांशी बोलायला वॉर्डात कुणीतरी असणं महत्त्वाचं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं ते करून दाखवलं. १९८९पासूनची त्यांची रामायम्मा नेत्रपेढी ना-नफाच आहे, आणि एमके द्रावण ते स्वतः बनवतात. श्रीलंकेत १९६१मध्ये सुरू झालेली हडसन सिल्वांची नेत्रदान संस्था तर कितीतरी देशांना फुकट कॉर्निया पाठवत आली.

हे हैदराबादचं कौतुक मी इथल्या सहकाऱ्यांना हटकून ऐकवते. घरच्यांसमोर मात्र अमेरिकेची वकिली. दोन्हीकडे मी पलीकडचीच.

माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर अवयवदात्याचं ते हृदयाचं चिन्ह आहे. पण अमेरिकेत कॉर्निया गरजेपेक्षा जास्त जमतात, दरवर्षी हजारो बाहेरच्या देशांत जातात. म्हणजे इथं माझ्या डोळ्यांवाचून कुणाचं अडलेलं नाही. माझ्या कॉर्नियाचा डबा विमानानं भारतात जावा असं फार वाटतं, पण कुठं पाठवायचं ते पेढी ठरवते. आईला हे बोलले तर म्हणाली, "एवढी हौस आहे तर इथं येऊन मर की!"

तिनं स्वतःचा अर्ज केव्हाच भरलाय. वेळ येईल तेव्हा सही मात्र तिथं हजर असलेल्या जवळच्या माणसाची लागेल, आणि मी फार तर फोनवर असेन.