‘शॉर्टकट आपोआप बंद पडतात, टॅब्लेट डिफेक्टिव्ह दिला’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत. क्रिटा या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता करता कीबोर्डचे शॉर्टकट आणि पेनने चित्र काढायच्या टॅब्लेटची बटणं अचानक बंद पडतात, रेघ जाड-बारीक होत नाही, गोल काढला की लंबगोल येतो आणि महिन्याभरात निब (पेनचं टोक) झिजली. आमच्याकडून सेटिंग करून घ्यायचे ४०० रुपये मोजूनही दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न, हा राग रास्त आहे. पण टॅब्लेट डिफेक्टिव्ह आहे हे पटत नाही. तो बदलून दिला तरी पहिल्या तीन तक्रारी जशाच्या तशा राहतील.

तुम्हीच लिहिलंय की कीबोर्ड आणि टॅब्लेटची बटणं एकाच वेळी मरतात, पेन मात्र चालू राहतं. टॅब्लेटचं बटण स्वतः काही करत नाही, ते फक्त कीबोर्डची कळ दाबल्याचा निरोप पाठवतं. दोन्ही एकदम बंद म्हणजे बहुधा भाषा बदललेली असते. त्याच मशीनवर तुम्ही मंडळांच्या फ्लेक्सचा मजकूर मराठीत टाइप करता, म्हणजे विंडोजमध्ये इंग्रजी आणि मराठी असे दोन कीबोर्ड (कळींच्या मांडण्या) आहेत, आणि डावं आल्ट व शिफ्ट एकत्र दाबलं की विंडोज एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं. क्रिटात सिलेक्शन वाढवायला शिफ्ट, कमी करायला आल्ट. घाईत दोन्हींवर बोट पडलं की झालं. इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीत ‘बी’च्या कळीवर ‘व’ आहे, ‘ई’वर काना, आणि ब्रश लहान करायच्या चौकटी कंसावर ‘ड’. ब्रश, खोडरबर, साइज, तिन्ही एका झटक्यात गेले.

पुन्हा बंद पडलं तर आधी नोटपॅड उघडून बी दाबा. ‘व’ उमटला तर चोर सापडला. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. कायमच्या बंदोबस्तासाठी विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जा (विंडोज १० मध्ये टायपिंग हे डिव्हायसेसखाली आहे). प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळी इनपुट मेथड ठेवायचा चौकोन टिक करा. मग त्याच पानावर इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडून चेंज की सीक्वेन्समध्ये भाषा बदलायची जोडी ‘नॉट असाइन्ड’ करा. आल्ट-शिफ्टची खोड मोडली. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की येणारी स्टिकी कीजची खिडकीही ॲक्सेसिबिलिटीतून बंद करून टाका, ब्रश ओढून लहान-मोठा करताना ती हमखास आडवी येते.

इथे चूक आमची. आमच्या दुकानातल्या मुलाने सगळं इंग्रजी कीबोर्डवर तपासलं आणि मराठी टायपिंग करता का, हे विचारलंच नाही. कोल्हापुरात डिझाइनचं काम करणाऱ्याला हा प्रश्न पहिला विचारायला हवा होता.

रेघेचं कारण वेगळं. क्रिटात सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅब्लेट सेटिंग्ज इथे पेनचा दाब वाचायचे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय असतात, आणि टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्येही (टॅब्लेट चालवणारं त्याचं सॉफ्टवेअर) विंडोज इंकची टिक असते. दोन्हीकडे एकच हवं. क्रिटात विनटॅब तर ड्रायव्हरची टिक काढायची, क्रिटात विंडोज इंक तर ती ठेवायची, आणि बदल केल्यावर क्रिटा बंद करून पुन्हा उघडायचं. एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं असलं की पेन नुसतं माउससारखं वागतं. त्याच पानावर टॅब्लेट टेस्टर आहे, त्यात पेन फिरवून दाबाचा आकडा हलतो का बघा. आकडा हलतोय पण रेघ सपाटच, तर ब्रश तपासा. ‘बेसिक-१’ने जाडी बदलत नाही, ‘बेसिक-५ साइज’ने बदलते. जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर अजून मशीनवर असेल तर तोही आधी काढा, रीस्टार्ट करा, मग नवा टाका. दोन ड्रायव्हर एका घरात नांदत नाहीत.

निबचं मूळही यातच असावं. दाब पोचत नाही म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो आणि निब तिरकी घासते. टॅब्लेट सेटिंग्जमधला ग्लोबल कर्व्ह, म्हणजे दाबाची वक्ररेषा, मधोमध थोडा वर उचला, हलक्या हातालाही जाड रेघ येईल. निबला धार आली की लगेच बदला, नाहीतर टॅब्लेटवरच्या शीटवर ओरखडे पडतात. जादा निबा पेनच्या स्टँडच्या पोटात आहेत, स्टँड फिरवून उघडतो.

आता गोल. तुमच्या टॅब्लेटचा कामाचा भाग १० बाय ६.२५ इंच आहे आणि मॉनिटर १९२० बाय १०८०. आडवं एका इंचात १९२ पिक्सेल, उभं १७३. म्हणजे गोल ११ टक्के पसरट. ड्रायव्हरमध्ये उंची ५.६२ इंच करा, खालची पट्टी वाया जाऊ दे. आम्ही हे केलं होतं, पण नंतर तुम्ही दुसरा मॉनिटर जोडलात असं अभिप्रायावरून दिसतं. दोन्ही स्क्रीन मिळून टॅब्लेट पसरला की गोलाचा अंडाकृती भोपळा होणारच. ड्रायव्हरच्या मॅपिंगमध्ये एकच मॉनिटर निवडा.

‘स्पेसबार शॉर्टकटच्या यादीत सापडत नाही’ असंही लिहिलंय. तो तिथे नसतोच. स्पेसने कॅनव्हास सरकवणं, कंट्रोलने रंग उचलणं, शिफ्टने ब्रश ओढणं हे सगळं कॅनव्हास इनपुट सेटिंग्जमध्ये असतं. स्पेस टॅब्लेटच्या बटणावर द्यायचा तर बटण धरून ठेवेपर्यंत कळ दाबलेली राहते का, ते ड्रायव्हरमध्ये बघा. एकदाच टिचकी मारणारं बटण इथे कुचकामी.

४०० रुपये परत देतो, सेटिंग पुन्हा फुकट करून देतो. या वेळी शॉर्टकट सेव्ह करून ती फाइल आणि ड्रायव्हरचा बॅकअप तुमच्या पेनड्राइव्हवर टाकून देऊ. राजारामपुरीतल्या दुकानावर येताना लॅपटॉप, पेनसकट टॅब्लेट आणि मराठी टायपिंगला वापरता तो कीबोर्ड, तिन्ही आणा. दुसरा मॉनिटर नको, इथला जोडून बघतो.