पोपटी टी-शर्टवाल्या काकांसाठी टाळ्या

चोवीस अनोळखी माणसांनी एकदम माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, असं आयुष्यात एकदाच घडलं. तेही मी रोलर कोस्टरमध्ये न बसल्याबद्दल. परवाचीच गोष्ट आहे. कान अजून गरम आहेत.

झालं ते एवढंच. पाऊण तास रांगेत काढून फलाटावर पोचलो, गाडी आली, भाचीने उडी मारून सीट पकडली आणि माझ्या पायांनी मला न विचारता निर्णय घेतला. मोठ्या राईडना बहुधा फलाटाच्या आसपास एक साधंसं दार असतं. ऐन वेळी अवसान गळालेल्यांनी तिथून गुपचूप सटकायचं. इंग्रजीत त्याला 'चिकन एक्झिट' म्हणतात, म्हणजे सोय करायची ती करायची, वर कोंबडीही म्हणून घ्यायचं. मी त्या दाराकडे गुपचूपच निघालो होतो. पण माईकवाल्या पोराला गुपचूप हा शब्द कुणी शिकवला नसावा.

"अरेरे! पोपटी टी-शर्टवाले काका घाबरले! काकांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या.

"आवाज येत नाही! पुन्हा एकदा!"

पुन्हा झाल्या. भाचीनेही वाजवल्या. छातीवर तो जाड दांडा आलेला होता, हात धड जुळत नव्हते, तरी वाजवल्या.

पोपटी टी-शर्ट बायकोने घेतलेला. "गर्दीत चुकलास तर लगेच सापडशील," म्हणाली होती. ज्याला सापडायचंच नसतं त्याने काय घालावं? माझं ऐकाल तर मातकट रंग. जत्रेत, पार्कात, जिथे जिथे कुणाच्या तरी हातात माईक असतो तिथे, मातकट.

दाराबाहेरच्या जिन्याने खाली आलो तर एक बाक होता आणि त्यावर एक गृहस्थ. त्यांच्याभोवती अकरा पिशव्या, मांडीवर चार चष्मे, शर्टाच्या खिशात मोबाईलची थप्पी. मी टेकलो तशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मान की कंबर?"

"काय?"

"तुमचं कारण हो. मान, कंबर, की रक्तदाब?"

राईडच्या तोंडाशी बोर्ड असतो ना, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भधारणा असल्यास बसू नये, तो बोर्ड हे गृहस्थ मेनूकार्डासारखा वापरत होते. "गर्भधारणा सोडून सगळं लावून झालंय," ते म्हणाले. "मान सहा वर्षं चालली. मग मुलाच्या लग्नात नाचलो, तेव्हा गेली ती. आता कंबर आहे."

"मी नुसताच घाबरलो," मी म्हणालो.

त्यांनी पिशव्या जराशा स्वतःकडे ओढून घेतल्या. "असं उघड नाही सांगायचं. आपल्या माणसांचं नाव खराब होतं."

चौदा वर्षं ते दरवर्षी येतात. एकदाही कशात बसलेले नाहीत. पण रोलर कोस्टरबद्दल त्यांना जे माहीत होतं ते तो बनवणाऱ्यालाही एवढ्या आपुलकीने सांगता आलं नसतं. चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडे असतात. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या अमेरिकनाने १९१९ साली घेतलं. "तेव्हापासून डबा रुळाला आवळून बसलाय. उडायचं म्हटलं तरी उडेल का?" चढावर जो खडखडाट ऐकून माझ्या पोटात गोळा येतो, तो म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून एकेका दात्यावर पडणारा खटका. "तो आवाज तुमच्या बाजूचा आहे हो. त्याला कसले घाबरता?"

"मग तुम्ही का नाही बसत?"

"बसणाऱ्याला काय कळतं? त्याचे डोळे मिटलेले असतात."

आणि डोळे मिटणं हीच म्हणे पहिली चूक. कान सांगतो हललो, डोळा म्हणतो मला काही दिसलं नाही, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. पुढच्या रुळाकडे बघत राहायचं. सीट मधल्या डब्यातली मागायची. पुढे सगळं दिसतं. शेवटचा डबा तर त्याहून वाईट, कारण पुढचे डबे उताराला लागलेले असतात तेव्हा हा अजून चढत असतो आणि मग त्याला फरफटत माथ्यावरून खाली खेचलं जातं. "कुटुंबातला मधला मुलगा बघा," ते म्हणाले, "त्याचं कधी फार वरखाली होतं का?" मी मधला मुलगा आहे. पण वाद घातला नाही.

बसण्याआधी बाहेर उभं राहून घड्याळ लावून एक अख्खी फेरी बघायची, हाही त्यांचाच सल्ला. दोनतीन मिनिटांत सगळं आटोपतं. "एवढा वेळ तर माणूस सासऱ्यांशी फोनवरही बोलू शकतो."

ज्ञान थांबत नव्हतं. या गाड्यांचं मूळ रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांत. म्हणून फ्रेंच आणि स्पॅनिश लोक याला 'रशियन डोंगर' म्हणतात. आणि रशियन? ते म्हणतात 'अमेरिकन टेकड्या'. थोडक्यात, हे खूळ आपल्याकडचं आहे असं कबूल करायला कुणीच तयार नाही. मला एकदम बरं वाटलं. अख्खे देश अंग काढून घेतात, मग मी एका दारातून बाहेर पडलो तर काय बिघडलं?

मी आकाशपाळण्याचा विषय काढला, म्हटलं तो तरी सभ्य. त्यांनी मान हलवली, जी वापरून झालेली असल्यामुळे आता छान हलते. पहिला मोठा आकाशपाळणा १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने उभारला. उंची २६४ फूट, डबे छत्तीस, आणि एका डब्यात साठ माणसं! उंचीचं मला काही वाटलं नाही. पण वर अधांतरी आपण आणि एकोणसाठ अनोळखी माणसं, दार बंद, आणि त्यातला एक हमखास म्हणणार, "चला, सगळ्यांची ओळख करून घेऊ या."

खरं दुखणं इथे आहे. मला पडायची भीती नाही. मला भीती आहे ती दिसायची. चाकं तिन्हीकडून आवळणाऱ्या लोकांनी याच्यावर काय केलं? नेमक्या पहिल्या उतारावर कॅमेरा बसवला. माणसाचा चेहरा त्याच्या ताब्यात नसतो तो क्षण टिपायचा आणि बाहेर पडायच्या वाटेवर पडद्यावर लावायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून. आत नाटुकली, जादूचे खेळ असतात, तिथे विसावायला जावं तर निवेदक पायऱ्या उतरून प्रेक्षकांतून माणूस उचलायला येतो. (कडेची खुर्ची कधीही घेऊ नका, तिथला माणूस उचलायला सोपा. रांगेच्या मधोमध, एखाद्या उंच माणसाच्या मागे. निवेदक उतरला की बुटाची नाडी बांधायला घ्यायची आणि तो परत वर जाईपर्यंत बांधत राहायची.) एकट्याने येणाऱ्यांची वेगळी रांग असते, ती लवकर सरकते आणि तिच्यात कुणी बोलत नाही. लाजऱ्या माणसासाठी कुणी काही चांगलं केलं असेल तर ते एवढंच, आणि तेही रिकाम्या सीटा भरायला.

तिकीट काढून आलेल्या माणसाला मजा येते आहे की नाही, हे त्याच्या घशावरून का मोजायचं? मला मजा येते तेव्हा मी गप्प असतो. मजा येत नाही तेव्हाही गप्प असतो. दोन्हींतला फरक मला कळतो, तेवढा पुरे नाही का? दात काढून घ्यायला गेलेला माणूस खुर्चीतून उठून पळाला तर तिथे कुणी टाळ्या मागत नाही. त्या बोर्डावर मानेची एवढी काळजी केली आहे. मानाचं एक अक्षर नाही.

एवढ्यात गृहस्थांचं कुटुंब विस्कटलेल्या केसांनी परतलं. अकरा पिशव्या अकरा खांद्यांवर गेल्या. जाताना ते कंबरेवर हात ठेवून थोडे वाकले आणि मला डोळा मारला. पोपटी रंग बघून असेल, पण त्यांनी मोकळी केलेली जागा भरायला वेळ लागला नाही. "काका, जरा लक्ष ठेवाल?" म्हणत दोन मुली सॅक टेकवून गेल्या. मग एक छत्री. मग एक झोपलेलं पोरच येणार होतं, पण त्याच्या आजीने ऐन वेळी विचार बदलला.

आणि मग तो आला. माईकवाला. पाळी संपली असावी. माईक नसताना त्याचा आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं.

"काका, इथे कुणी बसलंय का?"

'आवाज येत नाही! पुन्हा एकदा!' हे मला रात्री अडीच वाजता, पाण्याला उठलो तेव्हा सुचलं. तेव्हा मी म्हणालो, "नाही नाही, बसा ना," आणि सॅक सरकवल्या.

"पाच मिनिटांत पाणी भरून येतो. हे बघाल?" गळ्यातला माईक काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवला आणि गेला.

वर फलाटावर नवी गाडी भरत होती. मी माईकचं बटण पाहिलं. बंद होतं. तरी आणखी दोनदा पाहिलं.