त्या दोघांत बायको कोण?

फॅनफिक वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

मालिकेतल्या दोन पुरुषांची जोडी कुणी लिहायला घेतली, की दोन-तीन भागांतच त्यातला एक जण अंगाने बारीक होतो. मूळ मालिकेत दोघे खांद्याला खांदा लागेल इतके सारखे असले तरी होतो. मग तो लाजतो, रुसतो, त्याला थंडी वाजते आणि दुसऱ्याचं जर्किन त्याला गुडघ्यापर्यंत येतं. दुसरा मात्र बोलायचा कमी होतो, हॉटेलात बिल तोच देतो, आणि आपल्या माणसाकडे कुणी नुसतं बघितलं तरी दातओठ खातो. दहाव्या भागापर्यंत पहिल्याची नोकरी कुठे गेली ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. तो घरी असतो, डबा भरत असतो आणि वाट बघत असतो. मला याचा राग येतो, कारण या गोष्टींवर माझा जीव आहे.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आवडलेल्या मालिकेतली, कादंबरीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टी म्हणजे फॅनफिक. दोन पुरुषांच्या प्रेमाची फिक आजकालची नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक या दोन पात्रांवरची पहिली छापील गोष्ट १९७४ सालची, चाहत्यांच्या एका छोट्या अंकातली. लिहिणारी डायन मर्चंट ही ऑस्ट्रेलियातली बाई. त्या गोष्टीत दोघांपैकी एकाचंही नाव तिने घेतलं नव्हतं, एवढं तेव्हा जपून लिहावं लागायचं. तिच्या मागून ज्यांनी लिहिलं त्याही मुख्यतः बायकाच. बायकांना दोन पुरुषांची गोष्ट का लिहावीशी वाटते, यावर विज्ञानकथा लिहिणाऱ्या जोआना रस यांनी १९८५ च्या सुमाराला लेख लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा मला लागलेला गाभा असा: बाईला प्रेम हवं असतं, पण बाई म्हणून आधीच ठरवून ठेवलेली भूमिका नको असते. दोघंही पुरुष असले की ती भूमिका कुणाच्याच गळ्यात आपोआप पडत नाही. २००९ मध्ये चाहत्यांनीच उभारलेल्या एओथ्री या फॅनफिकच्या संकेतस्थळावर आजही सगळ्यात जास्त गोष्टी पुरुष-पुरुष जोड्यांच्या आहेत.

म्हणजे बायकांनी एवढा आटापिटा करून एक मोकळं रान मिळवलं, आणि आपण तिथे जाऊन पुन्हा तेच नवरा-बायकोचं कुंपण घालतोय.

आणि त्या फिकमधली ही ‘बायको’ आली कुठून, हाही प्रश्न मला पडतो. मी केज तालुक्यातली. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथे जोडी मोजायची ती कोयत्याने. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून कितीतरी घरांत तोडीला निघायच्या आधी पोराचं लग्न उरकून टाकायची घाई होते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला असते, पण पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडतात. फडात तो ऊस तोडतो. ती पाचट बाजूला करते, मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, गाडी भरायला लागली की मोळीसकट फळीवरून वर चढते. त्याच्या आधी पहाटे उठून भाकरी तिनेच केलेल्या असतात, आणि रात्री कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, परतल्यावर चूलही तीच पेटवते.

मी पाहिलेल्या बायका या अशा आहेत. यातली एकही नाजूक नाही, आणि कुणाच्या जर्किनात लपून बसायला एकीलाही फुरसत नाही. तरी हिशेबात त्या खालीच आहेत. खाली असण्याचा अंगाच्या ताकदीशी काही संबंध नसतो. पैसे कुणाच्या हातात येतात, कुणाच्या शब्दावर जायचं-यायचं ठरतं आणि आधी कोण उठतं, यावर ते ठरतं. फिकमध्ये मात्र आपण उंची, आवाज, पापण्या यांचीच वर्णनं लिहीत बसतो.

आता मला फार आवडलेल्या एका मराठी फिकबद्दल सांगते. लिहिणारीने नाव लावलेलं नाही, लावायची तिची इच्छाही दिसत नाही, म्हणून मालिकेचं नावही मी सांगत नाही. मूळ मालिकेत दोघे पोलीस इन्स्पेक्टर आहेत. हिने त्यांना उचलून लातूर जिल्ह्यात आणलं आणि झेडपीचे मास्तर केलं. दोघांनी लातुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. एकाची शाळा औसा तालुक्यात, दुसऱ्याची उदगीरकडे. दोघंही एसटीने अप-डाउन करतात. औशाचा लवकर घरी येतो म्हणून संध्याकाळच्या भाकरी तो थापतो. त्या थापण्याचं वर्णन जवळजवळ पानभर आहे. पीठ मळून मळून काठवटीला चिकटायचं थांबणं, थापताना कडेला गेलेली चीर बोटाने सांधणं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवणं, आणि पापुद्रा फुगला की त्याचं स्वतःशीच मान हलवणं. हात कुठेही नाजूक झालेले नाहीत. खडू धरणारे आणि गावाकडे बैल धरलेले हात आहेत ते. उदगीरचा साडेसातला येतो, जेवतो, भांडी घासतो, आणि ओट्यावर उद्याची डाळ भिजत घालतो.

पुढे बदल्यांचा हंगाम येतो. पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो. मास्तर-मास्तरीण जोडप्याला पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग आहे, शिक्षकांच्या घरात हे सगळ्यांना पाठ असतं. या दोघांना तो रकाना भरता येत नाही. मोबाईलच्या उजेडात दोघे त्या रकान्याकडे बघत बसलेत आणि एक जण नुसतं “पुढं घे” म्हणतो, एवढ्यावर तिने तो प्रसंग सोडलाय. भाषण नाही, काही नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. या दोन तारखांच्या मधल्या जागेत माणसं कशी राहत असतील, ते मला त्या “पुढं घे”मध्ये दिसलं.

मग बदली होते, पण उदगीरच्या मास्तराची. त्याला लातूरच्या जवळची शाळा मिळते. आता तो लवकर घरी येतो. म्हणजे भाकरी त्याच्याकडे! त्याला येत नाहीत. पहिल्या आठवड्यात दोघे खिचडीवर काढतात आणि त्यावरून खरंखुरं भांडतात, रुसण्याफुगण्याचं गोड भांडण नव्हे. “दोन वर्सं मी केलं तवा तुला कळलं न्हाई का?” असं औशाचा त्याला विचारतो.

माझी भाची लातूरला क्लासला आहे, आणि रात्री अभ्यास संपला की ती हेच सगळं वाचते. ही फिक मीच तिला पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

“मावशी, वाचली. पण त्या दोघांत बायको कोण हाय ते कळंना गेलं.”

“तुला कशावरून कळत असतं?”

“जो सैपाक करतो, ती.”

“मग बदली झाल्यावर बायको बदलली का?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “न्हाई. एसटी बदलली.”

सतरा वर्षांच्या पोरीला जे एका फोनवर कळलं, ते लिहिणाऱ्यांना कळायला काय हरकत आहे? त्या घरात कोण काय करणार हे एसटीच्या वेळापत्रकावर ठरतं, आणि वेळापत्रक बदललं की पुन्हा ठरवावं लागतं. ते ठरवताना भांडण होतं, माघार होते, शिकणं होतं. गोष्ट तिथे आहे. एकाला आधीच बायको करून टाकलं की हे सगळं लिहायचंच राहून जातं.

यावर नेहमी येणारी एक तक्रार मला अजिबात मान्य नाही. “त्याला अगदी बायकी करून टाकलं” असं म्हणून लोक नाक मुरडतात. थांबा जरा. हळवे पुरुष असतात. काजळ आवडणारे, स्वयंपाकात रमणारे, पटकन डोळे भरून येणारे असतात. आमच्याकडच्या शाळांत अशा पोरांना काय काय ऐकून घ्यावं लागतं आणि कुठे कुठे मार खावा लागतो, हे मी पाहिलंय. गोष्टीतूनही त्यांना हाकलून द्यायचं का? रडणारा पुरुष लिहा, जरूर लिहा. माझी हरकत आहे ती रडण्याचं, माफ करण्याचं आणि वाट बघण्याचं सगळं काम एकाच्याच वाट्याला देण्याला. आणि ‘बायकी’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी आधी आपल्या आईकडे बघावं.

जपानी बॉइज लव्हमध्ये, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टींत, सेमे (पुढाकार घेणारा) आणि उके (त्याला प्रतिसाद देणारा) अशी वाटणीच असते. जोडीच्या नावात कुणाचं नाव आधी, यावरूनसुद्धा तिथल्या वाचकांना ती कळते. २०१० च्या सुमाराला आलेल्या ओमेगाव्हर्सने, म्हणजे माणसं जन्मतःच अल्फा, बीटा, ओमेगा अशी विभागलेली असतात अशा फिकच्या प्रकाराने, तर ही वाटणी थेट शरीरातच घातली, तिथे ओमेगा पुरुषाला मूल होतं. काही जणींनी त्याचा वापर जुनी उतरंड आणखी पक्की करायला केला. काही जणींनी त्याच चौकटीत ओमेगाला नोकरी नाकारणं, मनाविरुद्ध लग्न लावणं, गरोदरपणात घरी बसवणं हे लिहिलं, आणि ते वाचताना आपल्या शेजारची बाई आठवते. चौकट कुठलीही घ्या, मला एवढंच बघायचं असतं की लिहिणारीने ती वाटणी स्वतः तपासली की तयार उचलली. दोन बायकांच्या गोष्टी आधीच कमी असतात, आणि त्यातही एकीचे केस कापून तिला बुलेटवर बसवलं की काम झालं असं समजतात.

पण सगळ्यात जास्त आळस आहे तो नायक-नायिकेच्या फिकमध्ये. तिथे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तो कंपनीचा मालक, तापट. ती धडपडणारी, फाइल खाली पाडणारी. तो मनगट धरून तिला ओढतो आणि खाली वाचक बदाम टाकतात. मनाविरुद्ध लग्न, करार करून लग्न, मग हळूहळू प्रेम. हेच वाचक दोन पुरुषांच्या फिकमध्ये ‘बरोबरीचं नातं’ म्हणून भारावून जातात. बाई आणि पुरुष बरोबरीने राहतात असं लिहिणं एवढं अवघड आहे का, की त्यासाठी बाईच गोष्टीतून काढून टाकावी लागावी? पहाटे लातूरच्या स्टँडवर जाऊन बघा. दोन डबे भरून, पोरांची दप्तरं लावून, धावत एसटी पकडणाऱ्या मास्तरणी दिसतील. त्यांच्या घरचं वेळापत्रक कोण लिहिणार? नवऱ्याची शाळा जवळ असली तरी भाकरी तिनेच का थापायच्या, हा सवाल नायक-नायिकेच्या किती गोष्टींत तुम्ही वाचलाय?

आपल्या मातीत याची कल्पनाच नव्हती असं कुणी म्हणू नये. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईने सातशे वर्षांपूर्वी खुद्द विठ्ठलाला आपल्यासोबत दळायला बसवलं. तो तिच्याबरोबर शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. तिच्या अभंगांत देवाला ही कामं करताना कमीपणा येत नाही आणि तिलाही संकोच वाटत नाही. वारीत त्याच पुरुष देवाला लाखो लोक माउली म्हणून हाक मारतात. ज्या लोकांना एवढं समजतं, त्यांना दोन मास्तरांच्या घरातली भाकरी समजणार नाही असं मला वाटत नाही.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्या पोरींनो, आणि पोरांनोसुद्धा, दोन पुरुष घ्या, दोन बायका घ्या, नवरा-बायको घ्या. त्यांच्या घरात उजाडल्यापासून रात्रीपर्यंत कोण काय करतं ते आधी एका कागदावर उतरवा, आणि ते का, हे पात्रांना एकमेकांशी बोलू द्या. पगार किती, कुणाची आई आजारी आहे, कुणाची रात्रपाळी आहे, बदली कुणाची होणार आणि कोण कुणाच्या मागे जाणार, हे सगळं येऊ द्या. मला स्वतःला ऊसतोडीच्या कोपीवरची एक गोष्ट वाचायची आहे, ज्यात उचल तिच्या हातात पडते आणि पहाटेची चूल तो पेटवतो, आणि त्यावरून टोळीत जो गदारोळ होतो तोही हवा. मालिकेतलं कुठलंही जोडपं घ्या आणि फडात उतरवा. कुणी लिहिली असेल तर खाली लिंक द्या, आणि लिहिणार असाल तर फडातलं काय विचारायचं ते मला इनबॉक्समध्ये विचारा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तोडीला जाऊन आल्यात. मी त्यांना विचारून सांगेन.