दादा आळशी नाही

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गिरगावातल्या माझ्या दादाविषयी पुन्हा तोच वाद झाला. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. 'गोळ्यांनी कानातले आवाज बंद झाले ना, मग आता हा निव्वळ आळस आहे,' असे मामांनी लिहिले आणि चौघांनी दुजोरा दिला. लंडनमध्ये ते वाचताना आलेला संताप अजून उतरलेला नाही.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला दिलेल्या नावाचा अर्थच 'अकाली बुद्धिऱ्हास' असा होता. ते नाव पुढे मागे पडले, पण लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग आणि कामाची आखणी यांवर स्किझोफ्रेनिया आघात करतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे. गोळ्या भास आवरतात, या आघातावर मात्र त्यांचा फारसा परिणाम होत नाही. या गोळ्यांमुळे येणारा अंगाचा ताठरपणा आणि कंप कमी व्हावा म्हणून जोडीला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल तर स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. दादा ती कितीतरी वर्षे घेत होता आणि तिची अजून गरज आहे का, हे कोणीही विचारले नाही. मीही नाही. याच आघातावर उपाय म्हणून तयार होत असलेल्या ज्या आयक्लेपर्टिन या नव्या औषधाकडे मी डोळे लावून बसले होते, ते २०२५च्या जानेवारीत अखेरच्या टप्प्यातील चाचण्यांत अपयशी ठरले.

डिसेंबरमध्ये घरी असताना आईने त्याला दूध, कोथिंबीर आणि कढीपत्ता आणायला सांगितले. तो केवळ दूध घेऊन आला आणि जिन्यातच थांबून, बोटाच्या पेरांवर अंगठा टेकवत, उरलेल्या दोन वस्तू आठवू लागला. मग पुन्हा तीन मजले उतरला. आळशी माणूस पुन्हा उतरत नाही.

इथे माझ्या शेजारणीचा मुलगा कॉग्निटिव्ह रेमेडिएशनला जातो. थेरपिस्ट त्याच्याकडून लक्ष आणि स्मरणाचा सराव करून घेते, काम टप्प्यांत कसे तोडायचे ते शिकवते, आणि तेच तो सुपरमार्केटच्या नोकरीत वापरतो. 'तिकडे सगळे सरकार करते,' असे मामा म्हणतील. परंतु २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने पुनर्वसनाच्या सेवा हा आपल्याकडेही हक्क मानला आहे, आणि यादी लिहून हाती देण्यासाठी तर कायदाही लागत नाही.

मामा दर रविवारी दादाला चौपाटीवर नेतात, हेही मला लिहिलेच पाहिजे. मी सोळा वर्षांत मोजून पाच-सहा वेळा नेले असेल. परवा व्हिडिओ कॉलवर दादाने भिंतीवरचे कॅलेंडर कॅमेऱ्यासमोर धरले. माझ्या सांगण्यावरून तो आता सगळे त्यात लिहितो. सोमवारी 'गॅस', बुधवारी 'डॉक्टर', आणि गुरुवारच्या चौकटीत, दोनदा गिरवून, 'धाकटी, फोन'.