मोबायल पयस दवर!

गोव्यातल्या माशेलच्या आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती फक्त राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात. बाकी सगळीकडे जांभ्या चिऱ्याच्या हातभर जाड भिंती. पोर्तुगीज गेले, भिंती राहिल्या. टॉवरवाल्यांचं काय चालणार? राजांगणाला छप्पर नाही, म्हणून रेंज वरून थेट तुळशीवर पडते. ज्याला बोलायचं असेल तो फोन कानाला लावून तुळशीभोवती फेऱ्या मारतो. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही भलतेच भाविक वाटतो.

पंचाईत अशी की बाबांची बीपी मोजायची जागाही तीच. उजेड तिथे, वारा तिथे, पाठ टेकायला खांब तिथे.

सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा, असं डॉक्टर म्हणाले आणि घरात मशीन आलं. त्याच्यासोबत माहितीपुस्तिकाही आली. सामान्य माणूस मशीन बाहेर काढतो आणि पुस्तिका खोक्यातच ठेवतो. बाबा निवृत्त मास्तर. त्यांनी ती पेन्सिल घेऊन वाचली, तिच्या हिंदी भागातलं शुद्धलेखन तपासलं आणि एका वाक्याखाली दोनदा रेघ ओढली: मोबाईल यंत्रापासून निदान 30 सेंटीमीटर लांब असावा. तीस सेंटीमीटर म्हणजे एक फूटपट्टी. कपाटातून शाळेतली लाकडी पट्टी बाहेर आली. माझ्या तळहातांनी तिला लगेच ओळखलं.

पण पट्टीवर भागलं नाही. ‘निदान’ या शब्दावर बाबांचा विश्वास नाही. पस्तीस मार्कांना त्यांनी कधी पास म्हटलं नव्हतं. त्यामुळे बीपीच्या वेळी घरातले सगळे फोन आतल्या खोलीत तांदळाच्या पिंपावर ठेवायचा हुकूम निघाला. बाबा लिहितात मराठीत, रागावतात कोकणीत. चुकून कोणी फोन घेऊन राजांगणात आलंच, तर खांबापासून आरोळी येते, “मोबायल पयस दवर रे!” म्हणजे, लांब ठेव!

या संशयाचं मूळ देवळातल्या जत्रेत आहे. टू-जीच्या काळात नाटक ऐन रंगात यायचं, महाराज खलबत करत असायचे आणि अचानक स्पीकर ‘टिक-टिक-डर्रर्र’ करायचा. मग विंगेत कोणाचा तरी फोन वाजायचा. तो फोन सेकंदाला 217 वेळा तुटक तुटक लहरी सोडत असे, आणि माईकच्या वायरी त्या पकडून गुरगुरत. बाबांचं गणित सरळ आहे: जो महाराजांच्या खलबतात तोंड घालतो, तो माझ्या बीपीत का घालणार नाही?

त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही. रेंज जितकी कमी, तितका फोन जोर लावतो. टू-जीवर तो दोन वॉटपर्यंत जातो, फोर-जीवर साधारण त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत. म्हणजे आमच्या भिंतींआड तो बिचारा घसा फोडूनच ओरडत असणार. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. पिंपसुद्धा हातचं जायचं.

शेजारच्या अण्णांच्या बाबतीत मात्र पट्टी खरोखर कामाला आली. अण्णांना पेसमेकर बसवलाय, आणि फोन शर्टाच्या डाव्या खिशात, बरोबर त्याच्यावर. फोन पेसमेकरपासून 15 सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात. काही नव्या फोनांत चुंबक असतात, तेही बाधू शकतात. बाबांनी भर बाजारात अण्णांच्या छातीला पट्टी लावली आणि फोन पँटच्या खिशात घालायला लावला. अण्णांनी निमूट ऐकलं. तेही बाबांचे विद्यार्थीच.

आता प्रत्यक्ष मोजणी. त्याच पुस्तिकेत पुढच्या पानावर लिहिलंय की पाच मिनिटं शांत बसा, पायावर पाय टाकू नका, लघवी तुंबवू नका, बोलू नका. या पानावर पेन्सिल फिरलेली नाही. बाबा पायावर पाय टाकून बसतात. पट्टा फुगायला लागला की त्यांना पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकू येतो. “अगो, पाव घे! उंडे घे, पोळे नकोत! आणि तो फोन कोणाचा वाजतोय?” बोलण्याने वरचा आकडा दहा-पंधराने सहज चढतो. मशीन पीं करतं. 156.

“बघ!” बाबा म्हणतात. “मोबाईल.”

फोन त्या वेळी दोन भिंतींपलीकडे तांदळावर निजलेले असतात.

वहीत बाबांनी पट्टीने रकाने आखलेत: तारीख, वेळ, वरचा, खालचा, शेरा. शेरा हा रकाना डॉक्टरांनी सांगितलेला नव्हता. त्यात ओळीने असं आहे: ‘सूनबाईचा मोबाईल, माहेरून.’ ‘म्हापशाच्या मेहुणीचा मोबाईल. मुलाला स्थळ आले.’ ‘पुन्हा मेहुणी. मुलगी डिचोलीची, पत्रिका जमते.’ ‘मेहुणी. मुलगा अडून बसला.’ त्या दिवशीचा आकडा 164.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. बाहेर पेशंट ताटकळत होते. शेवटचं पान उलटल्यावर त्यांनी स्वतः बीपी मोजलं, गोळी तीच ठेवली, आणि चिठ्ठी देताना बाबांना हळूच विचारलं, “मग मास्तर, तयार झाला का मुलगा?”