म्हणे "हात बसेल"

गोव्यात शॅकचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलांचा, सीझन सुरू झाला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो, परवा आमच्या किचनवाल्यांच्या ग्रुपवर परत आला. मजकूर एवढाच: मनगट दुखतं म्हणजे सवय नाही, पंधरा दिवसांत हात बसतो. आपल्या आज्या रगड्यावर वाटण वाटायच्या, त्यांना कधी काही झालं नाही. फारच दुखलं तर बाम चोळा, पट्टा बांधा आणि कामाला लागा. खाली अंगठ्यांची रांग, त्यातले निम्मे दुखरे असणार.

मी फोंड्याला थाळीच्या हॉटेलात सहा वर्षं काढलीत म्हणून लिहितोय.

सवयीचं आधी. नवीन पोराचे दंड पहिल्या आठवड्यात भरून येतात आणि मग सुटतात, ते खरं, पण ते स्नायू. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणारे ९ टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि एक नस (रक्ताची नाही, संवेदनेची) जाते, आणि तुम्ही मनगट वाकवून दिवसभर तेच तेच करत राहिलात की आत सूज येते, जागा मात्र तेवढीच, मग दाबली जाते ती नस. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या, रात्री जाग येते, हात झटकला की जरा बरं. हे बसत नाही हो, वाढतं. (डायबेटिस किंवा थायरॉइड असेल तरी असंच होतं, तेव्हा तेही तपासा.)

आता आज्या. माझी आजी एका घराचं वाटण वाटायची, मग उठून विहिरीवर, मग गोठ्यात, हात एकाच कामात अडकलेला नसायचा. हॉटेलात एकच माणूस सकाळी तीस-चाळीस नारळ खवतो आणि लगेच सुंगटं (कोळंबी) सोलायला बसतो. आणि काही झालं नाही कोण म्हणतं? निर्गुडीचा पाला तापवून मनगटाला बांधून बसलेली आजी मी बघितलीय, तक्रार करायची नाही एवढंच.

पट्ट्याचं अर्धं खरं. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना बांधला तर फायदा होतो. पण तो घट्ट आवळून वाकड्या मनगटाने परत चिरत बसलात तर काय उपयोग, आणि बामाने कळ झाकली जाते, काम तेच राहतं.

बदलायचं ते काम, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. सुरी रोज परजा, बोथट सुरीला जास्त जोर लागतो. चिरायचा ओटा कोपरापेक्षा चार बोटं खाली हवा, उंच माणसाने बोर्डाखाली पाट घालावा, बुटक्याने पायाखाली फळी. पीठ मळायला मात्र ओटा आणखी खाली, म्हणजे अंगाचं वजन टाकता येतं. बर्फातला इसवण (सुरमई) सुटल्यावरच कापा, गार हाताची पकड जाते आणि मग आपण जास्तच आवळतो. वेटरांनो, एका मनगटावर चार थाळ्या रचू नका, दोन फेऱ्या मारा. सगळ्यात मोठं म्हणजे तासाभराने कामं आपापसात बदला, खवणारा भांड्यांवर, भांडीवाला पोळ्यांवर. शेफ कुरकुरतो, पण अंगवळणी पडतं.

मुंग्या जातच नसतील, हातातून पळी सुटत असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. अंगठ्याखालची गादी सुकायला लागेपर्यंत थांबू नका, ती भरून येईलच असं नाही.