मैल्याच्या गाडीला परवाने तरी किती?

मार्च आला की परवान्यांसाठी आमच्या मैला उपशाच्या गाडीची वरात निघते. गाडी एकच, पण गिऱ्हाइकं तीन नगरपालिकांच्या हद्दीत. म्हणून फी तीनदा, झेरॉक्स तीनदा. फिटनेस, विमा, पीयूसी वेगळंच. त्यात गाडीनं 8 वर्षं ओलांडली, म्हणून वर पर्यावरण कर! म्हणजे घाण आम्हीच उपसायची आणि पर्यावरणाचा भुर्दंडही आम्हालाच.

बरं, भरतो. पण भरलेला टँकर प्रक्रिया केंद्रावर न्यावा, तर संध्याकाळी फाटकाला कुलूप. तिकडे बिनपरवाना ट्रॅक्टरवाला अंधारात ओढ्याला पाइप सोडून मोकळा, तोही निम्म्या दरात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

वाई, सिन्नरला ठरल्या वेळी घरोघरी शौचालयाची टाकी उपसायला गाडी जाते म्हणे. आमच्याकडे टाकी अंगणात वाहायला लागल्याशिवाय कुणी फोन करत नाही, आणि केला तरी पहिलं वाक्य, "दादा, जरा कमी करा की."

परवा खिडकीवरच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावूनच पावती फाडली. गाडी बाहेर रस्त्यावर होती. धुतलेली.